पट्टी मिस्त्री आणि इंजिनाचं टॉनिक

तुमच्या गाडीच्या इंजिनात आत्ता, या घडीला, तेल किती आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का?

ॲव्हरेज विचारलेलं नाही. टायर कुठल्या कंपनीचे, तेही नाही. तेल किती आहे आणि काळं आहे की तपकिरी, एवढंच. नाही ना ठाऊक? शेजारच्याकडे बघू नका, त्यालाही ठाऊक नाही. आणि तरी कुणी चकचकीत बाटलीत हिरवं पाणी आणून "हे ओता, इंजिन म्हातारंच होणार नाही" म्हणालं की आपला हात आपोआप खिशात जातो. अशा लोकांसाठीच पट्टी मिस्त्रींची ही हकिगत लिहायला घेतली आहे. म्हणजे तुमच्यासाठी. रागवायचं तर रागवा, पण शेवटपर्यंत वाचा.

पट्टी मिस्त्री हे काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. इंजिनातलं तेल बघायला जी लांब, पातळ पट्टी असते, ती ओढून काढल्याशिवाय हा माणूस गाडीला हातच लावत नसे. गाडी पंक्चर होऊन आली तरी आधी पट्टी. हॉर्न वाजत नाही म्हणून आली तरी आधी पट्टी. एकदा एक गृहस्थ नुसता पत्ता विचारायला थांबले, तर मिस्त्रींनी त्यांना बॉनेट उघडायला लावलं, पट्टी काढली, खांद्यावरच्या फडक्याला पुसली, परत घातली, परत काढली, उजेडात धरली, तेलाचा थेंब अंगठ्यावर चोळला, नाकाशी नेला आणि मग म्हणाले, "अर्धा लिटर कमी आहे. आणि तुमचा पत्ता मागेच राहिला, तिसरी गल्ली."

त्यांचं गॅरेज म्हणजे एका लांबट पत्र्याच्या शेडचा अर्धा भाग. मधोमध प्लायवुडची भिंत. अलीकडे गॅरेज, पलीकडे त्यांच्या बायकोचं ब्यूटी पार्लर. सगळा रस्ता तिला पार्लरताई म्हणायचा. एका बाजूला ग्रीसचा वास, दुसऱ्या बाजूला गुलाबाचा, आणि बरोबर भिंतीपाशी उभं राहिलं तर दोन्हींची अशी काही खिचडी व्हायची की पहिल्यांदा आलेल्या माणसाला शिंक यायचीच. मिस्त्री हातोडा उचलला की आधी "सांभाळ" असं ओरडायचे आणि तिकडे पार्लरताई भुवईवरचा दोरा थांबवायच्या. ही शिस्त एका बाईची भुवई अर्धी झाल्यावर सुरू झाली होती. त्या बाई परत आल्या नाहीत. त्यांचा नवरा मात्र गाडी घेऊन येत राहिला, कारण मिस्त्री खोटं बोलत नाहीत हे त्याला माहीत होतं.

भिंतीला एक चौकोनी भोक पाडून त्यात एक फळी बसवलेली होती. दोन्हीकडून हात पोचायचा. संसारातली सगळी देवाणघेवाण या फळीवरून चालायची. चहा तिकडून इकडे, डबा इकडून तिकडे, आणि रिकाम्या बाटल्या दोन्हीकडून. शांपूच्या रिकाम्या बाटलीला वर दाबायचा पंप असतो, तो गिअरबॉक्सच्या तेलाला फार सोयीचा पडतो, म्हणून ती मिस्त्रींकडे. ब्रेक ऑइलचा रिकामा डबा धुऊन पुसून कंगवे ठेवायला पार्लरताईंकडे. आता या कारभारात घोटाळा होऊ नये म्हणून एक नियम होता. गॅरेजच्या बाटलीच्या गळ्याला लाल दोरा, पार्लरच्या बाटलीला पांढरा. लेबलावर काय छापलंय ते बघायचं नाही, दोरा बघायचा. बावीस वर्षं हा नियम पाळला गेला. बावीस वर्षांत कुणाच्या डोक्याला ग्रीस लागलं नाही आणि कुठल्या गिअरबॉक्सला फेस आला नाही.

बाटलीतल्या औषधांचा मिस्त्रींना राग का, हे पार्लरताईंशिवाय फार थोड्यांना ठाऊक होतं. पंचविशीत असताना ते जुन्या गाड्या विकणाऱ्या एका दलालाकडे कामाला होते. गिऱ्हाईक येणार त्या सकाळी दलाल त्यांच्या हातात एक बाटली द्यायचा. काकवीसारखं घट्ट काहीतरी असायचं. ते ओतलं की खडखडणारं इंजिन मांजरासारखं गुरगुरायचं, धूर थांबायचा, गिऱ्हाईक खूश. एका शिक्षकानं अशी गाडी नेली. तिसऱ्या महिन्यात तो ती ओढत परत घेऊन आला. दलाल मागच्या दारानं सटकला. शिक्षकानं मिस्त्रींना शिवी दिली नाही. नुसतं विचारलं, "आता काय करू, तुम्ही सांगा." त्याच संध्याकाळी मिस्त्रींनी काम सोडलं, आणि तेव्हापासून जे काही इंजिनात जाईल ते आपण बघून, वास घेऊन, बोटावर चोळूनच जाईल असं मनाशी ठरवलं. लोकांना वाटायचं माणूस विक्षिप्त आहे. विक्षिप्त होताच. पण बघून ओतणारा विक्षिप्त होता.

तर अशा माणसाच्या नशिबी मेहुणा कसला यावा? टॉनिक विकणारा.

पार्लरताईंचा हा धाकटा भाऊ. भर उन्हात गळ्यात टाय बांधून फिरायचा, म्हणून टॅक्सी स्टँडवर त्याचं नाव 'टाय' पडलं. मनानं वाईट नव्हता. जे विकायचा त्यावर आधी स्वतः विश्वास ठेवायचा, हीच पंचाईत होती. यापूर्वी त्यानं घाम न येणारे मोजे विकले होते आणि त्याच मोज्यांत पाय घामाघूम करून घरोघर हिंडला होता. आता त्याच्या हातात आली होती एक हिरवी बाटली. इंजिनाच्या तेलात मिसळायची. एका बाटलीत इंजिनाची झीज थांबते, आवाज जातो, धूर जातो, पेट्रोल वाचतं आणि गाडीला उत्साह वाटतो. हे शेवटचं तो स्वतःच्या पदरचं सांगायचा. टॅक्सीवाले त्या बाटलीला टॉनिक म्हणू लागले.

स्टँडवर चाळीस टॅक्सी होत्या. चाळीसही मिस्त्रींकडे यायच्या. टॅक्सी संघटनेच्या अध्यक्षांची गाडी सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत धुराची. ती रस्त्यानं गेली की मागचा रस्ता दोन मिनिटं दिसायचा नाही. मिस्त्री दोन वर्षं सांगत होते की पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन उघडावं लागेल, आठ दिवस गाडी ठेवा. अध्यक्ष दोन वर्षं म्हणत होते, बघू. मग टायनं एक बाटली फुकट ओतली आणि तीन आठवड्यांत धूर निम्मा झाला. झालं. अध्यक्षांना साक्षात्कार झाला. त्यांनी ठराव मांडला की यापुढे संघटनेच्या प्रत्येक टॅक्सीत दर सर्व्हिसिंगला टॉनिक घालणं सक्तीचं, आणि जो मिस्त्री घालणार नाही त्याच्याकडे गाडी न्यायची नाही. मतदान दोन रविवारांनी.

मिस्त्रींना ही बातमी टायनंच आणून दिली, वर लाडानं म्हणाला की दाजी, तुमच्या गॅरेजवर आपण टॉनिकचा मोठा बोर्ड लावू, त्यावर तुमचा फोटो, हातात बाटली. मिस्त्री गाडीखाली झोपलेले होते. ते तिथून बाहेरच आले नाहीत. गाडीखालून नुसता पाना आपटल्याचा आवाज आला आणि पलीकडे कुणाची तरी भुवई थोडक्यात वाचली.

पहिल्या रविवारी टायनं स्टँडवर प्रात्यक्षिक ठेवलं. एका टेबलावर एक छोटं मशीन. मोटरवर फिरणारी पोलादी कडी, कडीखाली तेलाची वाटी, वरून कडीवर टेकणारा पोलादाचा एक तुकडा, आणि त्या तुकड्याला दाबणारा लांब दांडा. दांड्याच्या टोकाला एकेक किलोची वजनं अडकवायची. वजन वाढलं की पोलाद पोलादावर घासतं. तेल चांगलं असेल तर कडी फिरत राहील, नसेल तर करकचून थांबेल, असा सगळा मामला.

इथे मिस्त्रींचा स्वभाव आडवा आला. माणूस सच्चा होता पण डोक्यानं तापट. मशीन काय आहे ते नीट बघण्याआधीच, चाळीस ड्रायव्हरांसमोर, ते बोलून गेले.

"या मशीनवर जे टिकेल, ते मी माझ्या हातानं चाळीस गाड्यांत ओतीन. आणि तुझा बोर्डही लावीन. फोटोसकट."

टायनं वाटीत डब्यातलं साधं तेल ओतलं. चौथ्या किलोला मशीन किंचाळून थांबलं. तुकड्यावर चर पडलेला सगळ्यांना फिरवून दाखवला. मग तुकडा उलटवून, वाटी पुसून, टॉनिकची अख्खी बाटली ओतली. चार किलो, कडी फिरतेय. आठ, फिरतेय. बारा किलो झाले, वजनं संपली. टायनं दांड्यावर स्वतःची बॅग अडकवली, मग अध्यक्षांची चप्पल, मग दुसरी चप्पल. कडी फिरतेच आहे. अनवाणी अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. चाळीस माणसांनी मशीनकडे बघणं सोडून मिस्त्रींकडे बघायला सुरुवात केली, आणि मिस्त्रींनी खांद्यावरचं फडकं काढून उगाचच घडी घातली.

पुढचे चार दिवस त्या माणसानं कसे काढले ते पार्लरताईंना विचारा. जेवताना घास हातात धरून बसायचे. शब्द दिलेला. तो फिरवला तर पट्टी मिस्त्री राहत नाही. पाळला तर चाळीस इंजिनांत आपल्याच हातानं ती घट्ट काकवी जाणार, तीस वर्षांपूर्वीच्या सकाळसारखी. आणि कुणीतरी गाडी ओढत येऊन विचारणार, आता काय करू, तुम्ही सांगा. पार्लरताई एकदा म्हणाल्या की माझा भाऊ आहे, मी त्याला समजावते. मिस्त्री म्हणाले, "मशीन तुझा भाऊ नाही ना. मशीन टिकलं."

मशीन टायनं गॅरेजातच ठेवलं होतं, पुढच्या रविवारी परत लागणार म्हणून. सोबत टॉनिकच्या दोन बाटल्या, एक भरलेली आणि एक प्रात्यक्षिकात रिकामी झालेली. मिस्त्रींना भरलेल्या बाटलीकडे बघवेना. त्यांनी तिच्यावर जुना टब उपडा घातला. रिकामी बाटली फळीवर गेली, जशी सगळ्याच रिकाम्या बाटल्या जायच्या.

गुरुवारी भर दुपारी मिस्त्रींना राहवेना. हे मशीन खोटं बोलतंय, पण कुठे, तेच कळत नव्हतं. त्यांनी साधं तेल ओतलं. चौथ्या किलोला किंचाळून थांबलं. परत केलं. परत तेच. रागानं कान लाल झाले. बाटली काढावी म्हणून त्यांनी न बघताच मागे हात केला. तो टबाखाली गेला नाही, फळीवर गेला. टॉनिकचंच लेबल, हिरवा द्रव, तसाच घट्ट. आयुष्यभर वास घेऊन, चोळून, दोरा बघून ओतणाऱ्या माणसानं त्या दिवशी तिरीमिरीत काहीही बघितलं नाही. ओतलं.

चार किलो. आठ. बारा. कडी फिरतेच आहे. मिस्त्रींनी जॅक अडकवला. फिरतेय. ते स्टुलावर मटकन बसले आणि दोन्ही हातांत डोकं धरलं. संपलं. मशीन दुसऱ्यांदा टॉनिकच्या बाजूनं साक्ष देत होतं.

ते असे खाली मान घालून बसलेले असताना वाटीतून फेस वर येत होता. आधी कडीभर. मग टेबलभर. मग टेबलावरून एक पांढरा, गुबगुबीत लोळ सावकाश उतरून मिस्त्रींच्या बुटावर येऊन बसला. गॅरेजात गुलाबाचा वास पसरला. वास आला तेव्हा मिस्त्रींना वाटलं, हरल्यावर असा वास येत असेल.

तेवढ्यात फळीच्या भोकातून पार्लरताईंचा हात आला. हात फळीवर चाचपडला. मग हाताच्या जागी डोळे आले.

"अहो, माझा शांपू कुठाय? हेडबाई डोकं ओलं करून बसल्यात."

शांपूचा मोठा कॅन सकाळी तडकला होता. सांडायला लागला म्हणून पार्लरताईंनी हाताला आली ती रिकामी बाटली धुतली, तीत शांपू भरला, आणि नियमाप्रमाणे गळ्याला पांढरा दोरा बांधून ती फळीवर ठेवली. ती नेमकी टॉनिकची बाटली होती. त्यांची काही चूक नव्हती. त्यांनी दोरा बांधला होता.

मिस्त्रींनी बाटलीचा गळा बघितला. मग फेस. मग मशीन, जे बारा किलो आणि एक जॅक घेऊन खुशाल फिरत होतं. मग त्यांच्या पोटातून असं काही हसू निघालं की मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे हेडबाई म्हणायचे, डोक्याला टॉवेल गुंडाळून धावत गॅरेजात आल्या. त्यांना वाटलं कुणाला गाडीखालून काढायचंय. बघतात तर मिस्त्री गुडघाभर फेसात उभे राहून मशीनला नमस्कार करत होते.

हेडबाईंना प्रकार समजला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, की या यंत्रानं शांपूला पैकीच्या पैकी दिले, तर मग हे यंत्र नेमकी परीक्षा कशाची घेतं? मिस्त्री म्हणाले, "बाई, चार दिवस माझं डोकं याच प्रश्नाला शोधत होतं. तुम्हाला ओलं डोकं घेऊन सापडला."

आणि मग त्यांना उत्तरही सापडलं. या मशीनमध्ये पोलाद पोलादावर एका बारीक जागी दाबून घासतात. चालत्या इंजिनात तसं होऊ द्यायचंच नसतं. तिथे पंप तेलाला दाबानं आत ढकलतो, आणि फिरणारा भाग तेलाच्या थरावर तरंगत फिरतो. तेलाची पातळी बरोबर असली, तेल वेळेवर बदललं, तर पोलादाला पोलाद भेटायचा प्रसंगच जवळजवळ येत नाही. मशीन खोटं बोलत नव्हतं. ते वेगळ्याच प्रश्नाचं खरं उत्तर देत होतं.

दुसरा रविवार. सकाळचे दहा. चाळीस टॅक्सी ओळीनं उभ्या, सगळ्यांत पुढे अध्यक्षांची, धुऊन पुसून. टायनं नवी टाय बांधली होती. बोर्डसुद्धा तयार करून आणला होता, फोटोच्या जागी सध्या चौकोन.

मिस्त्री दोन बाटल्या घेऊन आले. पहिली टॉनिकची, टायकडूनच नवी मागून घेतलेली. त्यांनी मुकाट्यानं वाटीत ओतली, वजनं लावली, मशीन टिकलं. टायनं मान डोलावली. मग वाटी पुसून त्यांनी दुसरी बाटली ओतली. चार, आठ, बारा. अध्यक्षांची चप्पल मागून घेतली, तीही लावली. मशीन टिकलं. आणि फेस यायला लागला.

ड्रायव्हर दोन पावलं मागे सरले. मिस्त्री म्हणाले, "मी काय शब्द दिला होता? या मशीनवर जे टिकेल ते ओतीन. हा आमच्या हिचा शांपू आहे. गुलाबाचा. टिकला. मी शब्दाला पक्का आहे. बोला, कुणाची गाडी पुढे घेताय?"

कुणी हललं नाही. अध्यक्षांनी आपल्या बॉनेटवर हात ठेवला, जसा कुणी लेकराच्या डोक्यावर ठेवतो. मागून एका ड्रायव्हरनं मात्र मनापासून विचारलं की हा कोंड्याचा आहे की साधा. त्याला पार्लरताईंनी सांगितलं की साधा, आणि तो म्हणाला मग नको.

टाय घाबरा झाला होता. "दाजी, असं काय करता. शांपू इंजिनासाठी नसतो."

"बरोबर," मिस्त्री म्हणाले. "पण हे तुला कसं कळलं? मशीन तर हो म्हणतंय."

टायनं गळ्यातल्या टायची गाठ सैल केली. हळूहळू चाळीसजण हसायला लागले. पण अध्यक्ष हसले नाहीत. ते पुढे आले आणि म्हणाले की ते मशीनबिशीन जाऊ द्या, माझा धूर निम्मा झाला तो मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. हे रास्त होतं. मिस्त्रींनी ते मान्य केलं आणि विचारलं, "शेवटची पट्टी कधी काढली होती?"

अध्यक्ष म्हणाले, टॉनिक घातल्यावर कशाला काढायची?

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. पट्टी काढली, पुसली, घातली, काढली. ती उजेडात धरायची गरज पडली नाही. टोकाशी डांबरासारखा एक ठिपका होता आणि वर सगळी पट्टी कोरडी. त्यांनी ती ओळीनं चाळीसजणांच्या नाकाखालून फिरवली. दीड लिटरच्या वर तेल कमी. घट्ट टॉनिकमुळे तेल जाडसर झालं, म्हणून झिजलेल्या रिंगांमधून कमी वर चढलं, म्हणून धूर कमी. आणि जे चढत होतं ते जळून जात होतं, त्याचा पत्ता नाही. मिस्त्री म्हणाले की शर्टाला भोक पडल्यावर आत त्याच रंगाचा बनियन घातला तर भोक दिसत नाही, पण म्हणून शर्ट शिवला गेला असं कुणी म्हणत नाही. अजून पंधरा दिवस गाडी अशी पळाली असती, तर रिंगांचा प्रश्नच उरला नसता. अख्खं इंजिनच गेलं असतं. अध्यक्षांनी चप्पल परत घेतली, पण पायात घालायचं विसरले.

मग मिस्त्रींनी तेलाचा बंद डबा हातात घेतला आणि त्यावरची बारीक अक्षरं एका ड्रायव्हरला मोठ्यानं वाचायला लावली. इंजिन धुवायचं, झीज रोखायचं, फेस मोडायचं, गंज थांबवायचं, सगळं औषध तेल बनवणारे आधीच मोजून मापून त्यात घालतात. त्यात तुम्ही वरून आणखी एक बाटली ओतता, म्हणजे डॉक्टरनं दिलेल्या पाच गोळ्यांवर शेजाऱ्यानं दिलेली सहावी. कधी काही होणार नाही, कधी बाकीच्या पाच बिघडतील. आणि पैसे मात्र दर वेळी जातील.

कुणीतरी विचारलं, मग कुठलीच बाटली कधीच नाही का? मिस्त्री प्रामाणिक होते, म्हणून हो म्हणाले नाहीत. एखादं रबरी सील जरासं झिरपत असेल, तर ते फुगवून झिरपणं कमी करणारी औषधं असतात, दुरुस्तीपर्यंत वेळ काढून देतात. ती पट्टी आहे, जखमेवर बांधायची. बांधा, पण जखम बरी झाली असं समजून नाचायला जाऊ नका.

ठराव मताला आलाच नाही. त्याच्या जागी हेडबाईंनी, ज्या केस सुकल्यावरही मुद्दाम हजर राहिल्या होत्या, दुसरा ठराव सुचवला, आणि तो एकमतानं पास झाला. रोज सकाळी पहिलं गिऱ्हाईक घ्यायच्या आधी प्रत्येकानं पट्टी काढायची. जो काढणार नाही त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. पहिल्या आठवड्यात अध्यक्षांनी चार वेळा चहा पाजला, पाचव्या दिवशी त्यांची गाडी मिस्त्रींकडे इंजिन उघडायला गेली, आणि आठ दिवस अध्यक्ष रोज येऊन स्टुलावर बसले, दवाखान्यात बसतात तसे.

मिस्त्रींनी शब्द मोडला असं म्हणणारा एक निघालाच, असा एक सगळीकडे असतो. त्याचं म्हणणं की टॉनिक टिकलं होतं ना, मग ओतायला हवं होतं. मिस्त्रींनी त्याला सांगितलं की क्रमानं जाऊ, आधी शांपू. तो अजून गाडी घेऊन आलेला नाही.

राहता राहिला टाय. तो तीन दिवस घराबाहेर पडला नाही. चौथ्या दिवशी पार्लरताईंकडे आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, मला खरंच वाटत होतं गं." त्यांना ते ठाऊक होतं. त्यांनी त्याला चहा दिला आणि शांपूच्या कॅनांची एक पेटी पुढे सरकवली. आता तो घरोघर शांपू विकतो. मशीन बरोबर असतंच. दारात टेबल मांडतो, वाटीत शांपू ओततो, बारा किलो वजन लावतो आणि म्हणतो, वहिनी, जो शांपू पोलाद सांभाळतो त्याला तुमचे केस म्हणजे काय. खप भरपूर आहे. मिस्त्रींना हे कळलं तेव्हा ते पाना घेऊन निघाले होते, पार्लरताईंनी भोकातून त्यांची कॉलर धरली.

फळीवर आता तिसऱ्या रंगाचा दोरा आला आहे. हिरवा. टबाखालची ती भरलेली टॉनिकची बाटली अजून तिथेच आहे, हिरवा दोरा बांधून. हिरव्या दोऱ्याचा अर्थ मिस्त्रींनी बायकोला सांगितलाय: रागात असताना हात लावायचा नाही. लाल, पांढऱ्या बाटल्यांवर मात्र ते आता दोरा बघून वर वासही घेतात.

वाचून झालं ना? मग आता एक काम करा. बाटली घ्यायला दुकानात जाण्याआधी खाली उतरा, गाडी सपाट जागी उभी असल्याची खात्री करा, इंजिन गार असू द्या. बॉनेट उघडा. ती पट्टी ओढून काढा, पुसा, परत घाला, परत काढा आणि उजेडात धरून बघा. उद्या नको. आत्ता जा.